कंट्रोलरसाहेब

कर्नाळ्याच्या सुळक्याखाली उभं राहून वेळापत्रक वाचणारा माणूस मी एकच पाहिला आहे. ईशान्येला प्रबळगडाची लांबलचक भिंत, पश्चिमेला उरणच्या बाजूच्या खाड्या, डोक्यावर सव्वाशे फुटांचा सरळसोट कातळ, आणि हे गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवतात, हातातला कागद डोळ्यांजवळ नेतात आणि कुजबुजतात, "अकरा मिनिटं लेट."

हे आमचे कंट्रोलरसाहेब. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे महामंडळाने त्यांना सोडलं. त्यांनी महामंडळाला सोडल्याचा पुरावा नाही. १ जून १९४८ ला पहिली एसटी सुटली, म्हणून १ जूनला त्यांच्या घरी गोडाचं होतं. त्यांचा स्वतःचा वाढदिवस विचारला तर ते बायकोकडे बघतात.

डोंगर चढणाऱ्यांत जाती पुष्कळ. "हे काहीच नाही, तुम्ही अलंग-मदन करायला हवं" म्हणत चढणारा एक असतो. स्वतःचं पाणी घरी ठेवून दुसऱ्याचं तोलून पिणारा एक असतो. दर पन्नास पावलांनी बुटाची नाडी सोडून दम खाणारा असतो, आणि ती नाडी मुळात बांधलेलीच नसते. पण गट चालतो तो कंट्रोलर जातीच्या माणसावर. पुण्याच्या गटात तो बँकेतून निवृत्त झालेला असतो आणि वर्गणीचा हिशेब माथ्यावर मांडतो. ठाण्याच्या गटात तो पीटीचा मास्तर असतो. आम्हा अलिबागकरांच्या वाट्याला एसटी आली. डोंगर त्याला आवडतो की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यालाही नसावं. त्याला एवढंच ठाऊक असतं की इतकी माणसं वर न्यायची आहेत आणि तितकीच खाली आणायची आहेत.

तर कर्नाळ्याचं ठरलं. डिसेंबरचा रविवार. तरुण मंडळींनी गाडी ठरवू म्हटलं. साहेब काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की गाडीचा विषय तिथेच संपला. मिनीडोर हा शब्द तर त्यांच्यासमोर आम्ही उच्चारतच नाही. त्या तीनचाकीने रेवस-रेवदंड्याचे किती प्रवासी पळवले याची आकडेवारी ऐकावी लागते. गुरुवारी घरोघर वेळापत्रकाची झेरॉक्स आली. थांबा, आगमन, निर्गमन, शेरा असे रकाने. अलिबाग ६.००. कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण. मग कर्नाळा फाटक, पहिला चढ, कर्णाई मंदिर, दरवाजा, सुळका. सुळक्यापुढच्या शेऱ्यात लिहिलं होतं : "गाडी वळवणे."

सहाच्या साध्या गाडीला आम्ही पावणेसहालाच हजर. इतर प्रवाशांनी खिडकीतून रुमाल टाकले. आम्हीही खिसे चाचपले, तोच मागून आवाज आला, "रुमाल हे तिकीट नव्हे." ज्या माणसाने जन्मभर फलाटावर उभं राहून या रुमालांशी लढा दिला त्याच्या डोळ्यांदेखत रुमाल टाकायची कुणाची छाती? रुमालवाले बसले, आम्ही नियमानुसार पेणपर्यंत उभे. वडखळच्या अलीकडे गाडी रांगेत अडकली तेव्हा साहेबांनी घड्याळ बघितलंसुद्धा नाही. पळस्पे-इंदापूर चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं तेव्हापासून या रस्त्यावरचा उशीर ते उशीर धरत नाहीत. त्याला ते "मंजूर वेळ" म्हणतात.

कर्नाळ्याच्या फाटकावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. अभयारण्यात प्लास्टिक न्यायचं तर तिथे बाटल्या, वेष्टनं मोजून द्यावी लागतात, अनामत ठेवावी लागते आणि येताना तेवढंच प्लास्टिक दाखवून अनामत परत घ्यावी लागते. बाकीचे पर्यटक या वेळी कुरकुरत पिशव्या उपसत असतात. साहेबांनी खिशातून तयार यादी काढली. बाटल्या, बिस्किटांचे पुडे, फरसाणाच्या पिशव्या, पोयनाडच्या काकूंचा श्रीखंडाचा डबा, इतिहासाच्या सरांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी. वनरक्षकाने मोजलं, एक नग कमी भरला. दोघांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्या मोजणीत श्रीखंडाच्या डब्याचं झाकण स्वतंत्र धरायचं की नाही, हा प्रश्न निघाला. दोघांनी तो इतक्या सभ्यपणे आणि इतका वेळ चर्चिला की मागे डोंबिवली, खारघर, कळवा अशी मोठी रांग लागली. दोन्ही बाजूंनी पुरेपूर आनंद घेतल्यावर झाकण वेगळं धरायचं ठरलं.

"कुठून आलात?" वनरक्षकाने वहीत लिहिता लिहिता विचारलं.

"अलिबागहून."

मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याचं कारण सांगायची गरज नाही. मुंबईच्या बाजूला कुणाला खुळं ठरवायचं झालं की आमच्या गावाचं नाव पुढे करतात. ही बोली बंद करा म्हणून एक याचिका थेट मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. २०१९ साली न्यायालयाने ती फेटाळली. निकाल साहेबांना मान्य आहे, हसणं नाही. ते सावकाश वळले. मागे पाठीवर निळी सॅक लावलेला, डोंबिवलीचा, एकटाच आलेला विशीतला मुलगा उभा होता. साहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. विनातिकीट प्रवाशाकडे बघायची ती नजर. तिच्यापुढे भल्याभल्यांनी खिसे उलटे केले आहेत. मुलगा गोरामोरा झाला आणि का कोण जाणे, मुकाट्याने आमच्या रांगेत येऊन उभा राहिला. साहेबांनी मोजणी केली. "तेवीस," ते म्हणाले, आणि वहीत बाविसाच्या खाली लिहिलं, "जादा १."

या मोजण्याबद्दल आमच्यात दोन मतं आहेत. काही म्हणतात, २६ जुलै २००५ च्या पुरात त्यांनी आगारात अडकलेले प्रवासी रात्रभर पुन्हा पुन्हा मोजले, तेव्हापासून ही सवय लागली. ऐकायला बरं वाटतं. त्यांच्या पत्नी म्हणतात, कसलं काय, हे आमच्या लग्नाच्या पंगतीतही पानं मोजत होते, आणि ते साल १९८४.

चढ सुरू झाला. पुढे चालक म्हणून बँकेतला एक लांबटांग्या तरुण, मागे वाहक म्हणून साहेब स्वतः. एक शिट्टी थांबा, दोन शिट्ट्या चला. पहिल्याच शिट्टीला आमच्यातल्या पक्षीवाल्या पोराने हात जोडले. "साहेब, पक्ष्यांचं अभयारण्य आहे. १९६८ पासून. जेमतेम बारा चौरस किलोमीटर जागा आहे हो त्यांना, त्यात आपली शिट्टी." साहेबांनी हरकत विचारात घेतली. शिट्टी खिशात गेली, आणि ते हातातली काठी कातळावर आपटू लागले. टक म्हणजे थांबा, टक टक म्हणजे चला.

हे छान चाललं, पहिल्या सुतार पक्ष्यापर्यंत. तो कुठल्याशा वठलेल्या खोडावर टकटकला आणि आमचा पुढचा निम्मा गट निघून गेला. तो थांबला तसा गटही थांबला. पुन्हा टकटक, पुन्हा कूच. साहेब मागून ओरडत होते, "मी दिली नाही! मी बेल दिली नाही!" पण शिस्त अंगात मुरलेले लोक ऐकतात थोडेच. त्या पक्ष्याने आम्हाला चांगली दोन वळणं चढवली. माझ्या मते त्या दिवशी सर्वांत बिनचूक वाहतूक नियंत्रण त्यानेच केलं.

कर्नाळ्याची वाट सुरुवातीला झाडीतून मऊ जाते आणि मग धारेवर येऊन खरं रूप दाखवते. धोंडे, मुळं, पुन्हा धोंडे. गुडघ्याला विचारल्याशिवाय एक पाऊल पडत नाही. उंची म्हणाल तर साडेचारशे मीटरच्या आसपास, सह्याद्रीच्या हिशेबात फार नाही. पण समुद्राच्या पातळीवर जन्मून तिथेच मासळी-भात खाल्लेल्या माणसाला साडेचारशे मीटर हे साडेचारशे मीटरच असतात. धारेवर पोयनाडच्या काकूंनी एका सपाट धोंड्यावर बैठक मारली आणि जाहीर केलं, "मी इथेच थांबते. येताना मला घ्या."

दुसरा एखादा म्हणाला असता, बरं काकू. कंट्रोलर तसं म्हणत नाही. "हा विनंती थांबा आहे," साहेब म्हणाले, "पाच मिनिटं." आणि स्वतः शेजारच्या धोंड्यावर बसले. लिंबू, मीठ, साखर पिशवीतून निघालं. डोंबिवलीच्या पोराला त्यांनी काकूंची पिशवी घ्यायला लावली. त्याने ती निमूट घेतली. पाच मिनिटं संपली. काकू उठेनात. "वहिनी," साहेब अगदी हळू म्हणाले, "मधे उतरलात तरी भाडं पूर्ण लागतं." काकूंना वाचवण्यासारखं त्या भाड्यात काहीच नव्हतं. पण पूर्ण भाडं भरून अर्धा प्रवास करणं हे आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सहन होणारं नाही. त्या उठल्या, आणि शेवटी सुळक्यापर्यंत गेल्या.

पक्षीवाला पोरगा मात्र गांजला होता. त्याची मान वर, आणि पाठीमागे काठीची टकटक. "साहेब, तुमच्या किहीमला सालिम अलींनी १९३० साली सुगरणीचा अभ्यास केला. महिनोन् महिने घरट्यांसमोर बसून. असं वेळापत्रक लावलं असतं तर झाला असता?"

"नोकरी काय होती त्यांना तेव्हा?"

"तेव्हा नव्हती," पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग बरोबर." टक टक.

"आपल्या रायगडचा जिल्हा पक्षी तरी ठाऊक आहे का तुम्हाला? तिबोटी खंड्या. इथेच येतो. पावसाळ्याच्या तोंडाला येतो, पिल्लं काढतो, पावसाळा संपला की जातो."

साहेब पहिल्यांदाच थबकले. "म्हणजे गणपतीची जादा गाडी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात त्या पक्ष्याबद्दल खरोखरच आदर होता.

मग तो प्रसंग घडला ज्यामुळे पोरगा दिवसभर गप्प झाला. वर पोचल्यावर तो सगळ्यांना विचारत होता, स्वर्गीय नर्तक दिसला का कुणाला, पांढरा, लांब शेपटीचा नर, आज दिसायला हवा होता. कुणाला दिसला नव्हता. कुणी फोटो काढत होतं, कुणी धापा टाकत होतं. साहेबांनी वही उघडली. "पांढरा, दोन फितींची शेपूट, नग एक. ९ वाजून १४ मिनिटं. पेणच्या दिशेने गेला. रिकामा." पोराने वही हिसकावलीच. त्यात पहाटेपासून सगळं होतं. "हिरवी, लहान, नग अंदाजे सात, ८.४०, आल्या आणि गेल्या." "काळा, शेपूट दुभंगलेली, तारेवर, ८.०५, थांबून." नाव एकाचंही नाही, पण वेळ, संख्या, दिशा अगदी चोख. पक्षीनिरीक्षक याहून वेगळं काय करतात? पोरगा खाली बसून त्या नोंदींपुढे नावं लिहू लागला. साहेबांनी एकच अट घातली : पेन्सिलीने.

पण मी माथ्यावर फार लवकर पोचलो. मधे दरवाजा राहिला. दरवाजाशी इतिहासाच्या सरांना सात मिनिटं मंजूर होती. सर वेगाने निघाले. १५४० चे पोर्तुगीज, मग निजामशाही, १६५७ ला शिवाजी महाराज, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत कर्नाळा, १६७० ला परत स्वराज्यात. सहा मिनिटांत सोळाशे सत्तरपर्यंत येणं ही साधी गोष्ट नाही.

"फार चढउतार आहे या थांब्यावर," साहेबांनी मत दिलं, आणि काठी आपटली.

"अहो, पेशवाई राहिली!"

"ती उतरताना."

आणि खरोखर पेशवाई उतरताना झाली. कर्नल प्रॉथरने १८१८ मध्ये किल्ला घेतला तेव्हा आम्ही पार्किंगच्या जवळ होतो. तिथे सरांनी शेवटचा डाव टाकला : आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार, फडके जन्मले ते १८४५ साली इथे जवळच शिरढोणला, तर जाता जाता ते गाव बघून येऊ. साहेब म्हणाले, शिरढोण पनवेलच्या बाजूला, आपला परतीचा मार्ग पेण. इतिहास विरुद्ध दिशेला असेल तर त्याला एसटी काय करणार.

सुळक्याखाली मात्र साहेबांची कसोटी लागते. त्या कातळाला आग्यामोहोळं लटकलेली असतात. खाली बोलायचं हळू, अत्तर-सेंट लावून यायचं नाही, धूर तर नाहीच. साहेबांनी मंदिराशीच एकेकाला थांबवून वास घेतला होता. बँकेतला तरुण अंगावर काहीतरी फवारून आला होता. त्याला टाक्यातल्या पाण्याने नव्हे, स्वतःच्या बाटलीतल्या पाण्याने मान-गळा धुवायला लावलं. फलाटावरच्या गोंगाटात कर्ण्याशिवाय "अलिबागहून पेणमार्गे पनवेलला जाणारी" एवढं वाक्य शेवटच्या बाकापर्यंत पोचवणारा तो आवाज, त्याच्यावर आता कुजबुजायची पाळी. ते ओठ हलवत होते आणि आम्हाला काही कळत नव्हतं. सर खुणेने विचारत होते, काय? शेवटी साहेबांनी पिशवीतून पत्र्याची पाटी काढली. तिच्यावर रंगाने लिहिलं होतं : "अलिबाग – कर्नाळा माथा." ती त्यांनी सगळ्यांना दाखवली आणि उलटी केली. मागे लिहिलं होतं : "कर्नाळा माथा – अलिबाग." गाडी वळली होती.

खडकात खोदलेली टाकी आणि कोठारं आम्ही वळलेल्या गाडीतूनच बघितली. डोंबिवलीच्या पोराने तेवढ्यात धीर करून सांगितलं की हा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. साहेबांनी सुळक्याकडे तेव्हा पहिल्यांदा नीट वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्या पोराच्या कानाशी येऊन म्हणाले, "आणि एकदाही बदली नाही."

उतरताना एका माकडाने काकूंच्या पिशवीतून बिस्किटांचा पुडा उचलला आणि झाडावर बसून आमच्यादेखत संपवला. वेष्टन वर फांदीत अडकलं. साहेब झाडाखाली उभे राहून माकडाशी वाटाघाटी करत राहिले. इतर वेळी घड्याळाला चिकटलेला हा माणूस त्या वेष्टनासाठी वेळापत्रक मोडायला तयार होता, कारण फाटकावर नग कमी भरणार होता. अखेर माकड कंटाळून गेलं आणि वेष्टन वाऱ्याने खाली आलं. फाटकावर मोजणी झाली. सगळे नग भरले, झाकणासकट. वनरक्षक आणि साहेब यांनी एकमेकांना नमस्कार केला. तो नमस्कार बरोबरीच्या माणसांचा होता.

आता महामार्गावर परतीच्या साध्या गाडीची वाट. रांगेत. उन्हं कलली, गाडी येईना. साहेब म्हणाले, मंजूर वेळ आहे. काकू धोंड्यावरून उठल्या त्याचा त्यांना आता पश्चात्ताप होत होता. इतक्यात पनवेलकडून एक अलिबाग गाडी आली. ती वेगात होती, पण साहेबांना ओलांडता ओलांडता तिने करकचून ब्रेक मारला आणि थोडं पुढे जाऊन थांबली. चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली. "साहेब! तुम्ही इकडे? या, या, सगळे या! मागे जागा आहे!"

आम्ही पिशव्या उचलल्या. बँकेतला तरुण तर पळतच सुटला. साहेब गाडीपाशी गेले, समोरची पाटी वाचली आणि परत फिरले.

"विनावाहक आहे," ते म्हणाले.

"मग?"

"विनावाहक, विनाथांबा. तिकिटं पनवेललाच होतात. वाहक नाही म्हणजे इथे तिकीट देणारं कुणी नाही. तिकीट नाही म्हणजे आपण फुकटे." मग ते चालकाकडे वळले, आणि सुळक्याखाली दाबून ठेवलेला सगळा आवाज एकदम बाहेर आला. "इथे थांबा आहे का तुला? कुणाला विचारून थांबवलीस? आत माणसं खोळंबली आहेत. चल, काढ गाडी!" आणि त्यांनी गाडीच्या पत्र्यावर हाताने दोनदा मारलं. तीस वर्षांची सवय, चालकाचा पाय आपोआप उठला. गाडी गेली. तिच्या मागच्या काचेतून रिकामी बाकं आम्हाला स्पष्ट दिसली.

काही वेळ कुणी काही बोललं नाही. काकू जे बोलल्या ते छापण्यासारखं नाही. साहेबांनी वहीत गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपून घेतली, आणि सवयीने मोजणी केली. "तेवीस. सगळे आहेत."

तेव्हा डोंबिवलीचं पोरगं हळूच म्हणालं, "काका, माझी बाईक तिकडे पार्किंगमध्ये आहे. मी... जाऊ का?"

सकाळपासून या पोराला जायला कुणी अडवलं नव्हतं, हे आमच्या आणि त्याच्याही एकदमच लक्षात आलं. साहेबांनी वही उघडली, "जादा १" च्या पुढे वेळ घातली आणि आमच्याकडे हात केला.

"मंडळी, दार अडवू नका. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या."

आणि मोकळ्या महामार्गाच्या कडेला, जिथे दार नव्हतं, गाडी नव्हती, काहीही नव्हतं, तिथे आम्ही बावीस जण दोन्ही बाजूंना अंग चोरून उभे राहिलो आणि त्याला वाट करून दिली.